इंजिनाची दुसरी बाजू

धारच्या माणसापुढे रेल्वेचा विषय काढू नये हे आम्हा देवासकरांना चांगलं ठाऊक असतं, आणि म्हणूनच आम्ही तो मुद्दाम काढतो. आमच्या देवासला स्टेशन आहे, रूळ आहेत, रात्रंदिवस मालगाड्या आहेत. धारला यातलं काहीच नाही. रूळ येणार, रूळ येणार असं ऐकत तिथली माणसं म्हातारी झाली. आता कुठे मातीचे भराव दिसायला लागले आहेत, पण गाडीत बसायचं तर धारकराला अजूनही बसने इंदूर गाठावं लागतं. माझ्या ताईचं लग्न धारला ठरलं तेव्हा मी भर बैठकीत या गोष्टीवरून नवरदेवाची खेचली होती. नवरदेव शांतपणे म्हणाले होते, "तुमच्याकडे स्टेशन आहे भिया, पण चांगली गाडी थांबते का?" त्या दिवसापासून मी जिजाजींना मानतो. माळव्यातल्या आमच्या मराठीत बहिणीचा नवरा हा जिजाजीच असतो, भावोजी नाही, आणि भाऊ हा भिया.

जिजाजींचं घराणं सुतारांचं. त्यांचे पूर्वज दरबाराबरोबर महाराष्ट्रातून इकडे आले ते रथ आणि मेणे बनवायला. आता रथ कुणाला लागत नाहीत, म्हणून जिजाजी सोफे आणि दिवाण बनवतात, पण त्यांचा जीव आहे तो गणपतीच्या झांकीत. झांकी म्हणजे आमच्याकडचा चालता देखावा. अनंत चतुर्दशीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर हलणारी चित्रं मांडून ती गावभर मिरवतात, आणि कुणाच्या झांकीत काय काय हललं यावर पुढचे कित्येक महिने चर्चा चालते. एका वर्षी जिजाजींनी वाफेचं इंजिन बनवायला घेतलं. धारला सरकारी रेल्वे येईल तेव्हा येवो, आपली आधी आणू, असं त्यांचं म्हणणं होतं.

इंजिन देखणं झालं होतं. शिसवी चाकं, पत्र्याचा बंब, धामनोदच्या ट्रक दुरुस्तीवाल्यांकडून आणलेली जुनी बेरिंगं. चाकं मोटरने फिरवली असती तर दांडे आपोआप मागेपुढे हलले असते, आणि दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं. जिजाजींना ती लबाडी वाटली. खऱ्या इंजिनात वाफ दांड्याला ढकलते आणि दांडा चाक फिरवतो, तर आपल्याकडेही तसंच व्हायला हवं. म्हणून त्यांनी मोटर दांड्यांना जोडली. त्यांच्या घरात चाक बनवताना खोटं काम करत नाहीत.

मिरवणूक थांबत थांबत जाते. बाजारात अशीच एकदा थांबली, मोटर बंद केली, पुन्हा सुरू केली, आणि दांडे जागच्या जागी कण्हत राहिले. जिजाजींनी चाकाला हाताने धक्का दिला. चाकं फिरली, पण उलटी. ट्रॉली पुढे चालली होती आणि इंजिनाची चाकं मागे. गर्दीतून कुणीतरी आमच्या मालवी बोलीत म्हणालं, "भिया, धारवाला ने रेल देखी कोनी, तो उलटी बणई दी." धारवाल्यांनी रेल्वे पाहिलेलीच नाही, म्हणून उलटी बनवली, असं त्याचं म्हणणं. सगळा बाजार हसला. मीही तिथे होतो. हसलो नाही, कारण शेजारी ताई उभी होती आणि तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

मंडळाच्या पोरांनी नंतर अगदी आदराने सांगितलं की पुढच्या वर्षी झांकी इंदूरहून तयार आणू. जिजाजींनी एक शेवटची संधी मागून घेतली. तेच इंजिन, तोच रस्ता. ते अडलं तर आपण पुन्हा झांकीला हात लावणार नाही, असं त्यांनी स्वतःच सांगून टाकलं.

त्यानंतर मी धारला जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा त्यांचा एकच प्रश्न असे. दांडा पार शेवटाला पोचतो, तिथून त्याने ढकललं तर जोर सरळ आसावर जातो आणि चाक कुठल्याच बाजूला फिरायला राजी होत नाही. मग खरं इंजिन तिथे अडकत का नाही? फोनवरचे सगळे व्हिडिओ त्यांनी पाहिले होते. बेरिंगं बदलून झाली, तेल बदलून झालं, लाकूड तासून झालं, तरी अडकणं तसंच. हे सगळं ते मला विचारत, कारण मी रेल्वेच्या गावचा. माझं देवासला टेकडीच्या पायथ्याशी चष्म्याचं दुकान आहे. वाफेचं इंजिन मी लहानपणी लांबून पाहिलेलं, आणि त्यातलंही मला धूर सोडून काही आठवत नव्हतं. शेवटी मीच म्हटलं की माळव्यातून वाफ कधीच गेली, पण निलगिरीच्या डोंगरात आजही ती माणसांची गाडी चढवते. समोर उभं राहूनच पाहू. होळी झाल्यावर आम्ही तिघं निघालो.

मेट्टुपाळयम

इंदूरहून इथवरचा, निलगिरीच्या पायथ्यापर्यंतचा लांबलचक प्रवास मी गाळतो. त्यात सांगण्यासारखं एवढंच की ताईने बरोबर घेतलेल्या पुऱ्या आणि लसणाची चटणी वेळेआधी संपली, आणि शेवेचा पुडा मात्र काही केल्या संपला नाही.

सकाळी स्टेशनाजवळच्या हॉटेलात इडली मागवली. इडली अशी हलकी की बोटाने दाबली तर पुन्हा वर यावी. सांबार उत्तम. पण आम्ही माळव्याचे. ताईने सवयीने पुडा काढला आणि तिघांच्या इडलीवर मूठ मूठ शेव पेरली. आमच्याकडे पोह्यावर शेव, भाजीवर शेव, कधी कधी नुसत्या वरणभातावरही शेव, तेव्हा तिला यात काही वावगं वाटलं नाही. हॉटेलचे मालक गल्ल्यावरून उठून आले आणि आमच्या पानाकडे बराच वेळ बघत राहिले. ताईने त्यांच्या हातावर थोडी शेव ठेवली. त्यांनी ती खाल्ली, मान हलवली, आणि आत जाऊन आणखी एक वाटी सांबार आणून आमच्या पुढ्यात ठेवलं. भाषा एकमेकांची कळत नव्हती, पण सगळं रीतसर झालं.

आता माझ्या पराक्रमाबद्दल. तिकिटं मी काढली होती आणि आम्हाला सगळ्यात पुढचा डबा मिळाला होता. इंजिनाला अगदी चिकटून बसायला मिळणार हे मी जिजाजींना वाटेत इतक्यांदा ऐकवलं की शेवटी ताई कंटाळली. फलाटावर गेलो तर निळ्या-पांढऱ्या, बुटक्या, गोड डब्यांची रांग उभी, आमचा डबा सगळ्यात पुढे, आणि त्याच्यापुढे नुसते रूळ. इंजिन दुसऱ्या टोकाला होतं. या डोंगरावर गाडी ओढत नाहीत, मागून ढकलतात. चढावर जोडणी तुटली तर डबे घसरून खाली जाऊ नयेत म्हणून इंजिन कायम खालच्या अंगाला. शंभराहून जास्त वर्षं हीच पद्धत आहे. हे जगाला ठाऊक असावं, मला नव्हतं. ताई म्हणाली की देवासला गाडी असून तुला इंजिन कुठे असतं ते माहीत नाही.

गाडी सुटायला वेळ होता म्हणून आम्ही मागे जाऊन ते इंजिन पाहिलं. मी चष्मेवाला माणूस, लोखंडाचा मला काय पुळका असणार? पण त्या निळ्या इंजिनाच्या मी अगदी जवळ जाऊन उभा राहिलो. ते उभं असतानाही स्वस्थ नव्हतं. कुठून पाणी गळत होतं, कुठून वाफ निसटत होती, पोटात काहीतरी घुमत होतं. गरम तेलाचा वास येत होता. डिझेलचं इंजिन उभं असतं तेव्हा एक पेटी उभी असते. इथे गोठ्यात म्हैस उभी असावी तसं वाटत होतं. जिजाजी वाकून दांडे पाहत होते. यात दांड्यांच्या दोन जोड्या आहेत. खालची जोडी चाकं फिरवते, आणि वरची जोडी चढावर रुळांच्या मधल्या दातेरी पट्टीत अडकणारी चक्रं फिरवते. जिजाजी पलीकडे जाऊन बघायला वळले, तेवढ्यात शिटी झाली आणि आम्ही पुढच्या टोकाला पळत सुटलो.

हिलग्रोव्ह

थोडा वेळ गाडी सुपारीच्या बागांतून साधीसुधी धावली. मग कल्लारला दातेरी पट्टी लागली, एक हिसका बसला, आणि तिथून गाडीने धावणं सोडून चढणं सुरू केलं. वेग इतका कमी की कडेच्या रानफुलांच्या पाकळ्या दिसाव्यात. एकीकडे ओला कातळ, दुसरीकडे दरी, दरीत पांढरी धार सोडलेले ओढे. मांडूच्या कड्यावरून खालचं निमाड बघायची आम्हाला सवय, पण तो डोंगर उन्हाळ्यात करपलेला असतो. इथे मार्च महिन्यात सगळं हिरवं होतं. ताईने खिडकीतून डोकं आत घेतलंच नाही. बोगदा आला की डब्यातली सगळी माणसं आरडाओरडा करत, त्यात तिचाही आवाज असे.

प्रत्येक डब्याच्या पुढच्या उघड्या सज्जात एक ब्रेकवाला उभा असतो. हातात झेंडी, दुसरा हात ब्रेकवर. मागून इंजिनाची शिटी आली की सगळे एकदम ब्रेक सोडतात किंवा आवळतात. ड्रायव्हरला पुढचं काही दिसत नाही, म्हणून सगळ्यात पुढचा ब्रेकवाला हे त्याचे डोळे. आमच्या डब्यातला ब्रेकवाला ठेंगणा, हसरा आणि थोडं हिंदी जाणणारा निघाला. जिजाजींनी त्याला गाठून आपला प्रश्न विचारला. दांडा शेवटाला जाऊन अडकत का नाही? तो मनापासून हसला. इतकी वर्षं या गाडीवर आहे, अडकलेलं कधी पाहिलं नाही, मग का अडकत नाही हे कशाला बघू, असं तो म्हणाला. मला त्याचं म्हणणं पटलं. जिजाजींना नाही.

हिलग्रोव्हला इंजिन पाणी पितं आणि माणसं चहा. जंगलात एकटंच उभं असलेलं ते स्टेशन मला फार आवडलं. जिजाजी उतरताच मागे पळाले. मी ताईबरोबर चहा घेत होतो, इतक्यात एका माकडाने तिच्या पिशवीतून शेवेचा पुडा काढला आणि छपरावर जाऊन बसलं. ताई त्याला मराठीत, मग मालवीत, मग हिंदीत रागावली. माकडाने शेव चाखली आणि थुंकली. मला वाटतं पूर्ण प्रवासात तिचा एवढा अपमान दुसरा झाला नसेल.

जिजाजी परतले ते पडलेल्या चेहऱ्याने. इंजिन उभं, दांडे उभे, चालत्या इंजिनातलं काही दिसलं नाही. पलीकडची बाजू कातळाला लागून होती आणि तिथे कुणी जाऊ दिलं नाही. इतक्या लांब येऊन इंजिन आपल्या मागे आणि आपण त्याच्याकडे पाठ करून बसलेलो, याचं मला पहिल्यांदा वाईट वाटलं. डोंगर, ओढे, बोगदे हे सगळं आम्हाला मिळत होतं, आणि ज्याच्यासाठी आलो तो माणूस रिकाम्या हाताने चालला होता.

कुन्नूर

कुन्नूरला वाफेचं काम संपतं. पुढे उटीपर्यंत डिझेल लागतं. आमची तिकिटं उटीची होती, पण जिजाजी सामान घेऊन खाली उतरले आणि म्हणाले की मी इथेच थांबतो, तुम्ही दोघं जा. ताईने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आम्हीही उतरलो.

स्टेशनाला लागूनच रस्त्याचं फाटक आहे. आमची गाडी चढवून आणणारं इंजिन एकटंच रुळांवर मागेपुढे करत होतं. फाटक बंद, दोन्हीकडे भाजीवाले, दुचाक्या, शाळेतून सुटलेली मुलं. जिजाजी अगदी कठड्याला टेकून उभे राहिले. इंजिन हळूहळू आलं, समोरून गेलं, पुन्हा मागे आलं. इथे सपाटीवर फक्त खालचे दांडे चालत होते, म्हणून पाहायला सोपं होतं. जिजाजींनी एकदम माझा दंड पकडला.

दांडा पुढे गेला की एक फुस्कारा होतो, मागे आला की दुसरा, असं ते म्हणाले. चाकाच्या एका फेऱ्यात दोन व्हायला हवेत. पण चार ऐकू येत होते. मधले दोन कुणाचे?

मी म्हटलं, डोंगर आहे, आवाज परत येत असेल. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. मग त्यांनी मला पादचाऱ्यांच्या पुलावरून पलीकडच्या बाजूला पाठवलं. काम सोपं होतं. माझ्या बाजूचा दांडा चाकाच्या माथ्यावर आला की मी मोठ्याने 'वर' म्हणायचं. ते त्यांच्या बाजूने म्हणणार. मधे इंजिन, आम्ही एकमेकांना दिसणार नव्हतो.

इंजिन पुन्हा निघालं. माझ्या समोर दांडा वर आला आणि मी ओरडलो, "वर." त्याच क्षणी पलीकडून यायला हवा होता तो आवाज आला नाही. पाव फेरा उलटल्यावर आला. मी पुन्हा ओरडलो, ते पुन्हा मागाहून. माझ्या शेजारचा भाजीवाला टोपली खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. शाळेतल्या मुलांना वाटलं हा काही खेळ आहे, तीही 'वर, वर' ओरडू लागली, आणि मी हातवारे करून त्यांना गप्प करायला लागलो तोवर माझा एक 'वर' हुकला. पण आता गरज नव्हती. दोन आवाज एकदाही बरोबर आले नव्हते, आणि दर वेळी अंतर तेवढंच होतं.

इंजिन पुढे निघून गेलं आणि रुळांपलीकडे जिजाजी दिसले. दोन्ही हात कठड्यावर, मान खाली. मी घाबरून पूल ओलांडून धावत गेलो. ते रडत नव्हते. ते हसत होते आणि त्यांना धाप लागली होती.

"दोन्ही बाजू एका वेळेला थकतच नाहीत रे," ते म्हणाले. "एक शेवटाला जाऊन अडली की दुसरी मधे असते, जोरात असते. ती हिला काढून घेते. मी काय केलं, एका बाजूचा फोटो पाहिला आणि दुसरी तशीच बनवून दिली. बराबर सारखी."

मग मला उमगलं. चालत्या इंजिनाच्या दोन्ही बाजू एका माणसाला एका वेळी दिसतच नाहीत. फोटोत एक बाजू, व्हिडिओत एक बाजू, चित्रात एक बाजू. दारावरून रोज गाडी जाणाऱ्या गावात तरी कुणाला हे ठाऊक असतं? मला नव्हतं. पण तिथे निदान कुणी इंजिन बनवायला बसत नाही. सुताराने डावा आणि उजवा दरवाजा जसा जोडीचा करावा, तशा जिजाजींनी इंजिनाच्या दोन बाजू केल्या होत्या. दारासाठी ते बरोबर, इंजिनासाठी चूक. ती चूक प्रामाणिक होती, आणि ती शोधायला एक चष्मेवाला पुलावरून पलीकडे पाठवावा लागला. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की मी भर फाटकात त्यांच्या पाया पडलो. ताई म्हणाली की पुरे, लोक बघताहेत.

उटीला आम्ही दुसऱ्या दिवशी बसने गेलो, ताईच्या हट्टाने. तिथलं तळं, बागा, चहाचे मळे सगळं सुंदर आहे आणि त्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलं आहे. जिजाजी तळ्याकडे पाठ करून बाकावर बसले होते आणि दोन्ही हात पुढे करून एक आधी, एक मागाहून असे फिरवत होते. शेजारच्या बाकावरच्या बाई उठून गेल्या.

धार

अनंत चतुर्दशीला मी दुकान लवकर बंद करून धारला पोचलो. इंजिन तेच होतं, रंगही तोच. बदललं होतं ते एवढंच की दुसऱ्या बाजूचा दांडा चाकाला पाव फेरा मागे जोडला होता. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं दाटली होती आणि कुणालाच हा फरक दिसणार नव्हता. जिजाजी ट्रॅक्टरच्या बाजूने चालत होते. ताई रस्त्याच्या पलीकडच्या गर्दीत होती.

मिरवणूक दोनदा थांबली आणि दोनदा निर्धोक निघाली. बाजारात, जवळजवळ तिथेच, पुढच्या झांकीची कुठलीशी वायर अडकली म्हणून सगळं पुन्हा थांबलं. मोटर बंद झाली. मी चाकाकडे पाहिलं. माझ्या बाजूचा दांडा नेमका मागच्या टोकाला, आसाच्या सरळ रेषेत येऊन उभा राहिला होता. मागच्या वर्षी अडला होता तसाच, केसभरही इकडे तिकडे नाही. जिजाजींनीही ते पाहिलं. त्यांचा हात चाकाला धक्का द्यायला अर्धा पुढे आला, आणि त्यांनी तो मागे घेऊन पाठीशी धरला.

मोटर सुरू झाली. माझ्या बाजूचा दांडा नुसता ताठ उभा होता, त्याच्यात काही करायची ताकद नव्हती. मग पलीकडून, मला दिसत नव्हतं अशा बाजूने, जोर आला. चाक हललं, पुढच्या दिशेने हललं, आणि माझ्यासमोरचा दांडा त्या टोकावरून सुटून त्याच्यामागे निघाला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हसण्यासारखं काही झालंच नाही, म्हणून कुणाचं लक्षही गेलं नाही. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "अच्छी बनी हे, पण धुआँ थोड़ो कम हे," आणि पुढची झांकी बघायला मान वळवली. जिजाजी पाठीशी हात तसाच धरून इंजिनाबरोबर चालत राहिले, आणि त्यांचे खांदे हलत होते, एक आधी, एक मागाहून.